छऱ्याची रायफल, वाढत्या अंगाची: आठ महिन्यांचा अनुभव

शाळेचा गणवेश आपण दोन बोटं मोठाच शिवून घेतो. लेकीची रायफल घेताना मी तेच केलं आणि फसलो.

पोरगी बारा वर्षांची. २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाज स्वप्निल कुसाळेने कांस्य जिंकलं, तो पुण्यात बालेवाडीला सराव करतो हे तिला कळलं, झालं! काकांना वाटलं, घराण्याचं रक्त. गावी पणजोबांची बारा बोअरची बंदूक होती, डुकरं मारायचे. "बंदूकच घ्यायची तर खरी घे की रे!" काका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हौसेच्या शिकारीला आता बंदी आहे, आणि बारा बोअरचा धक्का या खांद्याला झेपणारही नाही. पॉइंट १७७ ची (म्हणजे ०.१७७ इंच नळीची), २० ज्यूल ताकदीच्या आतली छऱ्याची रायफल विनापरवाना मिळते.

गणपतीच्या आधी स्प्रिंगची, नळी 'मोडून', म्हणजे मधे खाली वाकवून छर्रा भरायची रायफल घेतली. दुकानदार म्हणाला, "मोठ्यांचीच न्या, वाढत्या अंगाला पुरेल." मलाही ते पटलं. दोन महिने ती पाठ मागे वाकवून, मान ताणून नेम धरत होती. कंबर दुखायला लागल्यावर प्रशिक्षकांनी एकच गोष्ट करून दाखवली: दस्ता, म्हणजे खांद्याला लागतो तो लाकडी भाग, कोपराच्या आतल्या बाजूला टेकवायचा आणि बोटाचं पहिलं पेर घोड्यावर पोचतंय का बघायचं. तिचं बोट चार सेंटिमीटर अलीकडेच राहत होतं. ही तपासणी दुकानात अर्ध्या मिनिटात झाली असती.

दुसरी चूक डोळ्याची. ती उजव्या हाताची, पण लांबच्या वस्तूवर दोन्ही डोळ्यांनी अंगठा धरायला लावला, मग एकेक डोळा मिटून पाहिलं, तर डाव्या डोळ्याने अंगठा जागचा हलला नाही, म्हणजे तिचा डावा डोळा जोरकस निघाला. आता ती डाव्या खांद्यावरून मारते. सुरुवातीचे पंधरा दिवस रडारड झाली, पुढे छर्रे एका जागी पडू लागले.

स्प्रिंगच्या रायफलचा धक्का दोन्हीकडे, मागे आणि पुढे. घट्ट आवळली की छर्रे विखुरतात. पुढचा भाग तळहातावर नुसता टेकवून ठेवायचा. टोकदार छर्रे सोडून सपाट तोंडाचे घेतले तर कागदाला पंचिंग मशीनसारखी गोल भोकं पडतात, गुण मोजताना वाद होत नाहीत. रिकामा बार मात्र काढू नका, स्प्रिंगची वाट लागते. छर्रे शिशाचे, त्यामुळे रेंजवरून आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही, हा हिच्या आईचा कायदा. आणि गच्चीवर सराव? अजिबात नाही.

नळी मोडायला अजून मीच लागतो. तेवढं बळ तिच्यात नाही, आणि नळी हातातून सुटली तर बोटं जायची. स्पर्धेच्या दृष्टीने मात्र ही रायफल अपुरीच. १० मीटरवर दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो. त्यासाठी दाबलेल्या हवेची, बिनधक्क्याची रायफल लागते. ती सध्या आम्ही क्लबचीच वापरतो.

दस्त्याचं काय केलं? कोपऱ्यावरच्या सुताराकडे नेला. चार सेंटिमीटर कापून झाल्यावर तो म्हणाला, "साहेब, तुकडा टाकू नका." त्याच तुकड्याच्या त्याने तीन चकत्या केल्या, भोकं पाडली, लांब स्क्रू दिले. गुढीपाडव्याला पुन्हा माप घेतलं आणि पहिली चकती जागेवर बसवली. दोन अजून ड्रॉवरमध्ये आहेत.