खानापूरचं नाचणी सत्त्व: घ्या, पण थोडं थोडं

खानापूर तालुक्यातल्या एका स्त्रीशक्ती संघाचं, म्हणजे बायकांच्या बचत गटाचं, हे सत्त्व सहा महिने पूर्ण झालेल्या बाळासाठी खरंच उत्तम, आणि पैसे थेट बायकांच्याच हातात जातात. नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणलेली, वाळवून मंद आचेवर भाजलेली. पीठ वस्त्रगाळ, साखर अजिबात नाही. मोडांमुळे पेज कमी घट्ट होते, म्हणून तेवढ्याच वाटीत पीठ जास्त घालता येतं.

दोन चमचे पीठ आधी गार पाण्यात कालवा, नाहीतर गुठळ्या होतात. सात-आठ मिनिटं ढवळत शिजवा, वरून अर्धा चमचा तूप. चमचा कलता केला तरी पेज लगेच ओघळू नये. पातळ पेजेनं पोट भरतं, पण वजन वाढत नाही.

पाकिटावर दळल्याची तारीख मात्र नाही, ती हवीच. पावसाळ्यात ओल लागून कुबट वास येतो. पाव किलोच घ्या.