लेलँड स्टॅनफर्ड की जॉर्ज हर्स्ट?

व्यापारातून राजकारणात आलेल्या एकाच अमेरिकन माणसाचं चरित्र अभ्यासायचं, तर ही दोन नावं हमखास आडवी येतात. दोघेही कॅलिफोर्नियाचे, १८८७ ते १८९१ एकाच वेळी सिनेटर. स्टॅनफर्ड रिपब्लिकन, हर्स्ट डेमोक्रॅट.

पैसा: खरा फरक इथे आहे. स्टॅनफर्डने खाणकामगारांना किराणा विकला, मग १८६१ मध्ये सेंट्रल पॅसिफिक या रेल्वे कंपनीचा अध्यक्ष झाला. टाकलेल्या रुळांच्या दर मैलामागे कंपनीला सरकारी कर्जरोखे मिळत: सपाटीवर १६,००० डॉलर, डोंगरात ४८,०००. म्हणजे सपाटी कुठे संपते हे ठरवण्यातच लाखो डॉलर होते. हर्स्टला खनिजाची पारख होती. त्याचा पैसा खाणींतून आला: कॉमस्टॉकची चांदी, होमस्टेकचं सोनं, अ‍ॅनाकोंडाचं तांबं. सरकारी पैशाचा आधार जवळपास नाही.

सत्ता: स्टॅनफर्ड १८६२-६३ मध्ये गव्हर्नर होता, त्याच वेळी रेल्वेचा अध्यक्षही. चिनी स्थलांतराविरुद्ध तो बोलला, आणि पुढे त्याच्याच रेल्वेचे रूळ हजारो चिनी मजुरांनी टाकले. हे टाळून लिहिलेलं चरित्र अर्धवटच. हर्स्टला १८८२ मध्ये गव्हर्नरपदाची उमेदवारी मिळाली नाही. १८८६ मध्ये रिकाम्या जागेवर नेमणूक होऊन तो सिनेटमध्ये पोचला. ‘एक्झामिनर’ हे वृत्तपत्र १८८० पासून हाताशी होतं.

मागे उरलं काय: स्टॅनफर्डचं विद्यापीठ, हर्स्टच्या मुलाचं (विल्यम रँडॉल्फ हर्स्टचं) वृत्तपत्र-साम्राज्य.

सरकार आणि भांडवल यांचं साटंलोटं समजून घ्यायचं असेल तर स्टॅनफर्ड घ्या. खाणउद्योग किंवा पत्रकारितेचा इतिहास हवा असेल तर हर्स्ट.