पंढरपुरात दर्शन विकत मिळत नाही : भक्तनिवास आणि 'झटपट दर्शना'च्या नावाने होणारी लूट

विठ्ठलाच्या दर्शनाला पैसे लागत नाहीत. डोके पायांवर ठेवायचे ते पदस्पर्श दर्शन असो की थोड्या अंतरावरून घ्यायचे मुखदर्शन, दोन्ही विनामूल्य आहेत. ही गोष्ट माहीत नसलेल्या, किंवा माहीत असूनही म्हाताऱ्या आईवडिलांना रांगेत ताटकळत ठेवायला धजत नसलेल्या माणसांवर पंढरपुरात एक धंदा चालतो. त्याची सुरुवात पंढरपुरात होतही नाही. घरी बसल्या मोबाइलवर खोली शोधायला घेतली की तिथेच होते.

'पंढरपूर भक्तनिवास बुकिंग' असे शोधले की वरच्या एक-दोन ओळींवर बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेले असते. ती पैसे भरून वर आणलेली जाहिरात असते, आणि जाहिरात कोणीही देऊ शकतो. नकाशावरच्या नोंदीही डोळे झाकून खऱ्या मानू नयेत. तिथे 'दुरुस्ती सुचवा' अशी सोय असते आणि तिचा वापर करून खऱ्या भक्तनिवासाच्या नोंदीवर भलताच मोबाइल क्रमांक चढवला जातो. इमारत खरी, फोटो खरे, लोकांचे अभिप्राय खरे, फक्त फोन लुटारूचा. म्हणूनच चांगली शिकलेली माणसेही यात अडकतात.

फोन लावला की बहुतेक वेळा तो कट होतो आणि मिनिटभरात व्हॉट्सॲपवर संदेश येतो : 'राम कृष्ण हरी माउली, किती जण आहात?' चित्राच्या जागी विटेवरचा पांडुरंग, नावाच्या जागी मंदिराचे किंवा भक्तनिवासाचे नाव. बोलणे अतिशय गोड. खोल्यांचे फोटो येतात, छापील दरपत्रक येते, सगळ्यांची आधार कार्डे मागवली जातात. आधार मागितले म्हणजे काम अधिकृत असणार, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ती कार्डे तुमच्या नावावर सिम घ्यायला किंवा पुढच्या भाविकाला 'हे आमच्या व्यवस्थापकांचे ओळखपत्र' म्हणून पाठवायलाही वापरली जाऊ शकतात. आधार द्यायचेच असेल तर पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्या. ती आधारच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवता येते.

मग पैशांची पायरी येते, आणि ती नेहमी लहान असते. समजा दोन खोल्यांचे एका रात्रीचे 1,800 रुपये. क्यूआर कोड येतो, तुम्ही भरता. लगेच फोन येतो : 'पैसे आले, पण पावती निघत नाही. सिस्टीमला अनामतीसकट पूर्ण रक्कम लागते. अजून 3,000 टाका, खोली सोडताना परत मिळतील.' तेही भरले की तिसरी मागणी येते, आणि तीच सगळ्यात घातक. 'तुमचा बुकिंग क्रमांक 14985 आहे. रकमेच्या चौकटीत तोच टाका, म्हणजे संगणक ओळखेल. पैसे कापले जाणार नाहीत.' घाईत आणि फोन चालू ठेवून माणूस तो आकडा टाकतो, पिन देतो, आणि खात्यातून 14,985 रुपये जातात. आरडाओरडा केला की 'चुकून झाले, परतावा पाठवतो' म्हणून नवा क्यूआर कोड येतो. तो स्कॅन करून पिन टाकला की आणखी पैसे जातात. काही वेळा परताव्यासाठी एखादे ॲप पाठवतात. ज्या फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असते ती उघडू नका. ती बसली की तुमच्या मोबाइलवर येणारे ओटीपी समोरच्याला वाचता येतात.

यूपीआयचा एकच नियम घरातल्या प्रत्येकाला पाठ करून द्यावा. पिन पैसे देताना लागतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कोड स्कॅन करावा लागत नाही, कोणतीही विनंती मंजूर करावी लागत नाही. आणि रकमेच्या चौकटीत जो आकडा टाकाल तेवढेच पैसे जातात, समोरचा त्याला बुकिंग क्रमांक म्हणो की कूपन.

पिन टाकण्याच्या आधीच्या पडद्यावर पैसे कोणाला जाणार ते नाव येते. तिथे दोन सेकंद थांबायचे. श्री विठ्ठल रुक्मिणी मंदिर समिती ही कायद्याने स्थापन झालेली संस्था आहे. तिचे पैसे कोणा खासगी व्यक्तीच्या किंवा 'अमुक एंटरप्रायझेस'च्या खात्यात जात नाहीत. 'ते आमच्या हिशेबनिसाचे खाते आहे' हे उत्तर मिळाले की संभाषण संपवा. संकेतस्थळाचा पत्ताही अक्षर न् अक्षर वाचा. समितीच्या पत्त्याचा शेवट 'डॉट ओआरजी' असा आहे, पण तसा शेवट कोणालाही विकत घेता येतो. म्हणून ठिपक्याच्या आधीचे पूर्ण नाव पाहायचे. त्यात मध्येच 'रूम', 'बुकिंग', 'ऑनलाइन' असे शब्द जोडलेले दिसले तर ते संकेतस्थळ दुसऱ्याचे समजा. आषाढीच्या आठवड्यात भक्तनिवासाची खोली फोनवरून लगेच मिळते आहे, हीच मोठी खूण आहे. त्या दिवसांत गावातल्या मठांत आणि धर्मशाळांतसुद्धा पाय ठेवायला जागा नसते.

आता मंदिराजवळचे. एसटी स्थानकापासून प्रदक्षिणा मार्गापर्यंत कुठेही, हातात पिशव्या आणि सोबत वयस्क माणसे दिसली की कोणीतरी जवळ येतो. 'रांग सात-आठ तासांची आहे, माउली. आपली आत ओळख आहे. माणशी पाचशे द्या, वीस मिनिटांत बाहेर.' रांगेची वेळ तो नेहमी फुगवून सांगतो. ती त्याच्याकडून ऐकू नका, आधी दर्शन मंडपापर्यंत चालत जाऊन स्वतः पाहा. साधा वार असेल आणि एकादशी, सुट्टी नसेल तर रांग त्याने सांगितली त्यापेक्षा पुष्कळ लहान निघते.

पैसे दिल्यावर पुढे काय होते ते नीट समजून घ्या. एका प्रकारात तो तुम्हाला मुखदर्शनाच्या रांगेला नेऊन सोडतो. ती रांग मुळातच वेगळी, लहान आणि विनामूल्य आहे. तुम्ही खरोखर लवकर बाहेर येता, दर्शनही झालेले असते. पायांवर डोके ठेवायला मिळाले नाही एवढेच खटकते, आणि 'आज गर्दीमुळे बंद होते' असे सांगून तेही मिटवले जाते. पुष्कळांना आपण फसलो हे कळतच नाही. ते गावी जाऊन त्याच माणसाचा नंबर दुसऱ्यांना देतात. दुसऱ्या प्रकारात तो आतल्या एखाद्याला हाताशी धरून मधूनच रांगेत घुसवतो. अशा प्रकरणांत पंढरपुरात पोलिसांत गुन्हे दाखल झाले आहेत. पकडले गेलात तर पैसे देणारे म्हणून तुमचीही चौकशी होते आणि मागे तासन् तास उभे असलेल्यांचे बोल ऐकावे लागतात ते वेगळेच. तिसरा प्रकार सरळ पळून जाण्याचा. मंदिरात मोबाइल नेता येत नाही, तो बाहेर जमा करावा लागतो. पैसे मोबाइल जमा करण्याआधी घेतले जातात. तुम्ही रांगेत फोनविना उभे राहता आणि तो तेवढ्यात नाहीसा होतो.

मोबाइल आणि चपला समितीने ठेवलेल्या सोयीच्या ठिकाणीच द्या आणि बिल्ला घ्या. 'आमच्या दुकानात फुकट ठेवा' म्हणणाऱ्याकडे ठेवले की परत येताना हार, तुळस, पेढ्यांचे ताट घ्यावेच लागते, आणि त्याचा भाव आधी सांगितलेला नसतो. चंद्रभागेवरच्या होडीचेही तसेच : पुंडलिकापर्यंत की विष्णुपदापर्यंत, जाऊन-येऊन की एकेरी, माणशी की होडीचे, हे पाय आत टाकण्यापूर्वी ठरवा.

'आमच्या घराण्याकडे देवाच्या सेवेचा मान आहे, आम्ही थेट गाभाऱ्यात नेतो' असे कोणी सांगितले तर थोडा इतिहास कामी येतो. बडवे आणि उत्पात या पुजारी घराण्यांकडे पिढ्यान् पिढ्या असलेले हक्क 1973 च्या पंढरपूर मंदिरे कायद्याने संपवण्यात आले. त्यावर प्रदीर्घ दावे चालले आणि जानेवारी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तो वाद मिटला. तेव्हापासून दर्शनाची आणि पूजेची व्यवस्था मंदिर समितीकडे आहे. नित्यपूजा, पाद्यपूजा, तुळशी अर्चन पूजा अशा पूजांना देणगी शुल्क आहे, पण त्यांची नोंदणी समितीच करते आणि समितीच्या नावाची छापील पावती मिळते. पावतीविना दिलेली पूजेची रक्कम देवापर्यंत गेली असे मानायला काहीही आधार नाही. कोणत्याही घराण्याला, दुकानदाराला किंवा मार्गदर्शकाला आज दर्शन विकण्याचा हक्क नाही.

इथे मनातले एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. या मंदिराचे दार सगळ्या जातींना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी 1947 मध्ये पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले. नामदेव पायरीवर आणि तिच्यासमोरच्या चोखोबांच्या समाधीवर आपण सगळेच डोके टेकवून पुढे जातो. त्याच दारात पाचशे रुपये देणाऱ्याची वेगळी वाट व्हावी, यात फसवणारा तर दोषी आहेच, पण ती वाट मागणाऱ्यांमुळेच त्याचे फावते. ज्यांना उभे राहणे खरेच शक्य नाही, अशा वयस्क, आजारी किंवा अपंग भाविकांसाठी काय सोय आहे हे समितीच्या कार्यालयात किंवा दर्शन मंडपातल्या गणवेशातल्या कर्मचाऱ्याला विचारा. रस्त्यावर विचारू नका. आणि वेळ कमी असेल तर मुखदर्शन घ्या, कळसाला हात जोडा. वारकरी संप्रदायात कळसदर्शनानेही वारी पूर्ण झाली असेच मानतात. आषाढीला लाखो वारकरी तेवढ्यावरच समाधानाने माघारी फिरतात.

दिंड्यांनी आणखी जपायला हवे. कारण तिथे एका माणसाच्या चुकीने अख्ख्या गावाची वर्गणी बुडते. आषाढीत देवाचा निजण्याचा पलंग काढला की दर्शन चोवीस तास चालू राहते, तरी रांग गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत आणि पुढेही जाते. अशा वेळी 'पन्नास जणांचे पास करून देतो' म्हणणारा हमखास भेटतो. असे ठोक पास समिती कोणा मध्यस्थामार्फत विकत नाही. मुक्कामासाठी '65 एकर' नावाच्या परिसरातल्या जागांचे वाटप प्रशासन करते. तिथला प्लॉट 'मिळवून देण्याचे' पैसे मागणाऱ्याला नाव विचारून तिथल्याच पोलीस मदत केंद्राकडे न्या. मठाची जागा ठरवायची असेल तर दिंडीतले दोघे वारीच्या महिना-दीड महिना आधी प्रत्यक्ष येऊन जागा, पाणी आणि शौचालये पाहून जाऊ देत, आणि आगाऊ रक्कम तिथेच, मठाच्या पावतीवर द्या.

पैसे गेलेच असतील तर पहिले काही तास फार मोलाचे आहेत. फोन ठेवा आणि लगेच 1930 हा राष्ट्रीय सायबर मदत क्रमांक लावा. तक्रार नोंदली गेली की ती रक्कम ज्या खात्यात गेली त्या बँकेला कळवले जाते, आणि पैसे पुढे सरकले नसतील तर तिथे गोठवले जातात. असे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात पटापट फिरवले जातात, म्हणून 'उद्या बघू' म्हटले की हाती काही लागत नाही. फोन करताना तारीख, वेळ, रक्कम, ज्या यूपीआय पत्त्यावर पैसे गेले तो पत्ता आणि व्यवहाराचा 12 अंकी यूटीआर क्रमांक समोर ठेवा. तो ॲपमध्ये त्या व्यवहाराच्या तपशिलात असतो. तीन वेळा पैसे गेले असतील तर तिन्ही व्यवहार वेगवेगळे नोंदवा. मग आपल्या बँकेत लेखी कळवा. मात्र पिन तुम्हीच टाकलेला असल्यामुळे हा व्यवहार 'ग्राहकाने स्वतः केलेला' धरला जातो आणि बँक सहसा आपणहून भरपाई देत नाही. गोठवलेली रक्कम परत मिळवायला काही वेळा न्यायालयाचा आदेश लागतो. त्यासाठी तक्रारीचा पोचक्रमांक जपून ठेवा.

व्हॉट्सॲपवरचे संभाषण पुसू नका आणि त्या क्रमांकाला अडवण्याआधी सगळ्याचे फोटो काढून घ्या. दरपत्रक, क्यूआर कोड आणि जाहिरातीचा पूर्ण पत्ताही त्यात हवा. गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली आणि संगणकाद्वारे तोतयेगिरी म्हणून माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम '66 ड' खाली येतो. तक्रार द्यायला पंढरपूरला जावे लागत नाही, आपल्या जवळच्या पोलीस ठाण्यात ती घ्यावीच लागते. 'हद्द आमची नाही' म्हटले तर शून्य क्रमांकाने (झिरो एफआयआर) गुन्हा नोंदवा अशी मागणी करा.

रक्कम हजार-बाराशेची असली तरी कळवा. 'देवाच्या नावाने गेले, जाऊ दे' म्हणून बहुतेक जण गप्प बसतात, आणि तोच क्रमांक, तेच खाते महिनोन् महिने चालू राहते. एका खात्यावर वेगवेगळ्या जिल्ह्यांतून तक्रारी जमल्या की ते खाते आणि तो सिम बंद करणे पोलिसांना सोपे जाते. समितीच्या कार्यालयालाही तो क्रमांक लेखी कळवा. आणि नकाशावरची नोंद बदललेली दिसली तर तिथेही 'दुरुस्ती सुचवा'मधून चुकीचा फोन काढून टाकण्याची सूचना द्या. त्याला दोन मिनिटे लागतात.