डॉलर तेवढेच, खाती दोन: करन्सी ट्रेडिंगसाठी दुसरं खातं काढावं का?

पुण्यात बसून अमेरिकेतल्या क्लायंटला डॉलरमध्ये बिल लावणारा एखादा फ्रीलान्सर घ्या. मार्चअखेर २० हजार डॉलर यायचेत. तोवर डॉलर घसरला तर फटका बसेल, म्हणून त्याने एनएसईवर डॉलर-रुपयाचे २० लॉट विकून ठेवलेत, म्हणजे पुढच्या तारखेचा विक्रीचा भाव आजच पक्का केलाय. एक लॉट हजार डॉलरचा. तेवढ्यात दुसऱ्या ब्रोकरचा फोन येतो, "सर, खातं फुकट उघडून देतो." उघडावं का?

कायद्याची आडकाठी नाही. एकाच पॅनवर वेगवेगळ्या ब्रोकरांकडे खाती काढता येतात. करन्सीचे सौदे रुपयांतल्या फरकावर मिटतात, त्यामुळे त्यांना डिमॅटही लागत नाही.

गोची वेगळीच आहे. मे २०२४ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम कडकपणे लागू झाला: परकीय चलनाची खरीखुरी जोखीम अंगावर असेल तरच रुपयाचा समावेश असलेला सौदा करायचा. १० कोटी डॉलरपर्यंत कागद दाखवावे लागत नाहीत, एवढंच ऐकून बरेच जण खूश होतात. पण जोखीम असावीच लागते, आणि ती आधीच दुसऱ्या सौद्याने झाकलेली नसावी. आपल्या फ्रीलान्सरने दुसऱ्या खात्यातही २० लॉट विकले, तर बिल २० हजारांचं आणि विक्री ४० हजारांची. पहिल्या ब्रोकरला दुसऱ्याकडचं दिसत नाही, दुसऱ्याला पहिल्याकडचं नाही. हिशेब ठेवायची जबाबदारी त्याच्या एकट्याची. एका खात्यात ही चूक व्हायला निदान डोळे मिटावे लागतात.

आता पैशांचं बघू. एका खात्यात चालू महिन्याचा सौदा विकलेला आणि पुढच्या महिन्याचा घेतलेला असेल, तर दोन्ही मिळून मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी ब्रोकरकडे ठेवायची अनामत, कमी लागतं. तेच दोन ब्रोकरांकडे विभागलं की दोन्हीकडे पूर्ण मार्जिन. नफा-तोटा रोजच्या रोज वळता होतो, तेव्हा एकीकडे जमा झालेले ३० हजार रुपये दुसरीकडची तूट भरायला त्याच संध्याकाळी धावून येत नाहीत. तूट राहिली तर वर दंड.

दुसऱ्या खात्याच्या बाजूने एकच मुद्दा मला वजनदार वाटतो: ॲप बंद पडणं. बाजार उसळलेला असताना माझा स्क्रीन पाऊण तास गोठला होता, आणि तेव्हा दुसरं खातं असतं तर, असं वाटलंच. नंतर शांत डोक्याने पाहिलं. पहिल्याकडचा सौदा दुसऱ्याकडून बंद करता येत नाही. तिथे उलटा सौदा करावा लागतो, आणि त्यासाठी तिथे मार्जिन पडून हवं. पण न वापरलेली शिल्लक ब्रोकरला ठरावीक काळाने बँकेत परत पाठवावीच लागते. म्हणजे अडीअडचणीचं खातं नेमकं अडचणीच्या दिवशी रिकामं. त्यापेक्षा ब्रोकरच्या डीलिंग डेस्कचा, म्हणजे फोनवर सौदे घेणाऱ्या माणसांचा, नंबर फोनमध्ये सेव्ह केलेला बरा.

ब्रोकरेजमध्ये खरोखर फरक असेल तर दोन खाती ठेवण्याऐवजी सरळ खातं बदला.

परदेशी ॲपवर "दुसरं खातं" काढायचा विचार असेल तर तुलनाच नको. पाचशेपट लिव्हरेजच्या, म्हणजे भरलेल्या पैशांच्या पाचशेपट मोठ्या सौद्याच्या, जाहिराती दिसतात, पण परदेशात मार्जिन भरायला एलआरएसखाली, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, पैसे पाठवता येत नाहीत. फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली दंड गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो. रिझर्व्ह बँकेची अशा प्लॅटफॉर्मची सावधगिरीची यादी सप्टेंबर २०२२ पासून निघते; पण यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे, असं नव्हे.

एवढं होऊनही दुसरं खातं काढलंच, तर कोणतं बिल कुठल्या खात्यातून झाकलंय हे एका वहीत लिहा, आणि आयटीआर-३ (धंद्याचं उत्पन्न दाखवायचं आयकर विवरणपत्र) भरताना दोन्हीकडची टॅक्स स्टेटमेंट सीएला द्या. नॉमिनी लावायचा असेल तर तोही दोन्हीकडे स्वतंत्र लावावा लागतो; माझ्या ओळखीत तो बहुतेकांचा एकीकडेच लावलेला असतो.