घरचं संगीत आणि स्ट्रीमिंग : एका छताखाली की वेगवेगळं?

कॅसेटी-सीडी संगणकात उतरवून झाल्या आहेत, फोल्डर नीट लागले आहेत आणि शिवाय फोनवर स्ट्रीमिंगचे पैसेही भरतोय, अशा टप्प्यावर जे आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. गेल्या वर्षभरात ओळखीच्या तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. घरचा संग्रह आणि स्ट्रीमिंग एकाच सॉफ्टवेअरमध्ये आणावं, की घरच्या संग्रहाची वेगळी सोय करून स्ट्रीमिंग फोनपुरतं ठेवावं? मी दोन्ही करून पाहिलंय. पहिल्या वाटेवर सात महिने काढले, दुसऱ्या वाटेवर आता दीड वर्ष होत आलं.

आमच्याकडे काय आहे ते आधी सांगतो, कारण निवड त्यावरच ठरते. बाबांनी ऐंशी-नव्वदच्या दशकांत जमवलेल्या कॅसेटी, त्यातल्या बऱ्याच कर्वे रस्त्यावरच्या आलुरकर म्युझिक हाऊसमधून आणलेल्या. काही घरगुती बैठकींची ध्वनिमुद्रणं, ज्यांच्या डबीवर बाबांच्या अक्षरात राग, तारीख आणि साथीला कोण एवढंच लिहिलेलं. नंतर त्यात माझ्या सीडींची भर पडली. सगळं मिळून नऊशेच्या आसपास तास. फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवणारा, म्हणून जागा जास्त घेणारा फाइल-प्रकार) ठेवूनही एक टीबीच्या डिस्कवर निम्मी जागा लागली नाही, तेव्हा जागेची चिंता कुणी करू नये. तुमचा संग्रह मुख्यतः नव्या चित्रपटगीतांचा असेल, तर माझं पुढचं बरंचसं म्हणणं तुम्हाला लागू पडणार नाही.

सगळं एकत्र आणणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात नावाजलेलं रून. दिसायला देखणं आहे यात वाद नाही. अल्बम उघडला की वादक, संगीतकार, ध्वनिमुद्रक अशी सगळी नावं येतात, एका नावावर बोट ठेवलं की त्या माणसाचं दुसरं काम समोर येतं. पूर्वी कॅसेटचा कागद उलगडून वाचायचो, तसंच वाटतं. महिन्याला पंधरा डॉलरच्या आसपास, किंवा आजीव परवाना आठशेच्या वर. पैसे जास्त आहेत, पण पाश्चात्त्य जॅझ किंवा सिंफनी ऐकणाऱ्याला ते वसूल होतील असं मला वाटतं.

आपली अडचण वेगळीच आहे. रून ज्या स्ट्रीमिंग सेवांना जोडता येतं त्यातल्या मुख्य दोन म्हणजे टायडल आणि कोबझ, आणि या दोन्ही भारतात अधिकृतपणे मिळत नाहीत. स्पॉटिफाय किंवा ॲपल म्युझिकचा संग्रह त्यात आणता येत नाही. म्हणजे ज्या जोडणीसाठी हे सॉफ्टवेअर प्रसिद्ध, तीच पुण्यात बसून सरळ मार्गाने वापरता येत नाही. परदेशातला पत्ता देऊन खातं चालवणारे लोक आहेत, पण रोज संध्याकाळी वापरायची गोष्ट अशा आधारावर उभी करू नये असं माझं मत आहे. आणि जोडणी कायमची असते असंही नाही. प्लेक्स या घरच्या फायली वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टायडल जोडलेलं होतं, ते २८ ऑक्टोबर २०२४ ला बंद झालं. घरच्या फायलींपुरतं त्याचं संगीताचं ॲप, प्लेक्सॲम्प, अजूनही चांगलं आहे.

याच वाटेवरचा एक सोपा पर्यायही आहे, तो बरेच जण विसरतात. यूट्यूब म्युझिकवर स्वतःच्या एक लाखापर्यंत फायली चढवता येतात, ॲपल म्युझिकच्या लायब्ररीतही साधारण तेवढ्याच बसतात. घरात संगणक चालू ठेवायचा नाही, फक्त फोन आणि गाडी एवढाच वापर आहे, तर खरंच हेच करा.

दुसऱ्या वाटेवर मी लिरियन म्युझिक सर्व्हर आणि नॅव्हिड्रोम ही घरच्या फायली वाजवणारी दोन सॉफ्टवेअर वापरली. दोन्ही फुकट, दोन्ही मुक्तस्रोत, रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावरही चालतात. नॅव्हिड्रोम फोनवर ऐकण्यासाठी जास्त सोयीचं, कारण सबसॉनिक या सर्व्हरशी बोलण्याच्या प्रचलित पद्धतीची ढीगभर ॲप त्याला चालतात. लिरियन घरातल्या ॲम्प्लिफायरसाठी आणि एकाच वेळी दोन-तीन खोल्यांत लावण्यासाठी. स्ट्रीमिंगची जोडणी नॅव्हिड्रोममध्ये नाहीच. लिरियनला प्लगइन आहेत, पण ती स्वयंसेवकांनी लिहिलेली. समोरच्या सेवेने नियम बदलले की त्यांना पुन्हा डागडुजी लागते. मी ती बसवलीच नाहीत.

आता ज्यामुळे माझं ठरलं ते सांगतो. पहिल्या वाटेवर मी जे सॉफ्टवेअर वापरत होतो त्याचं नाव लिहीत नाही, कारण ही सवय त्या एकट्याची नाही.

बाबा रोज दिवेलागणीनंतर गॅलरीत बसून एक मैफल ऐकतात. अठ्ठ्याहत्तर वय आहे, टॅबलेटवर अल्बम लावायला ते शिकले, तेवढं त्यांना पुरतं. एका संध्याकाळी त्यांनी १९८७ सालच्या एका घरगुती बैठकीची फीत लावली होती. शेवटी भैरवीतलं भजन आहे. ते संपतं, तंबोरे तसेच थोडा वेळ वाजत राहतात, कुणीतरी हलकेच ‘वा’ म्हणतं, सतरंजीवरून कुणी उठल्याची सळसळ येते, आणि मग टेप बंद केल्याचा खट् आवाज. ती खट् आम्ही मुद्दाम कापली नव्हती. ती झाल्यावर बाबा डोळे मिटून बसले होते. दोन सेकंदही गेली नसतील, आणि ड्रम आणि कीबोर्डवरचा एक राग सुरू झाला. सॉफ्टवेअरने स्ट्रीमिंग सेवेतून ‘यासारखं’ काहीतरी स्वतःहून आणून लावलं होतं. बाबांनी डोळे उघडले आणि म्हणाले, “शेजारी कुणी लावलंय का रे?”

आपल्याच घरात, आपल्याच ॲम्प्लिफायरमधून येणारा आवाज त्यांना परका वाटला. मला फार लागलं ते.

हे बंद करता येतं, हे मला माहीत आहे. मी केलंही. पण ती सेटिंग प्रत्येक उपकरणाची वेगळी निघाली. टॅबलेटवर बंद केली तर फोनवरून लावल्यावर चालू, फोनवर बंद केली तर हॉलमधल्या प्लेअरवर चालू. सगळीकडे बंद केल्यावर महिन्याभराने नवा स्पीकर जोडला, तर त्याच्यावर पुन्हा चालू. तिसऱ्या वेळी मी ती सेटिंग शोधत असताना बाबा म्हणाले, “राहू दे, मी संपायच्या आधीच बंद करत जाईन.” भैरवी पूर्ण ऐकायची नाही, कारण नंतर काय येईल सांगता येत नाही! त्या दिवशी माझं ठरलं.

स्ट्रीमिंगवाल्यांचा विचार मला कळतो. काम करताना, स्वयंपाक करताना गाणं थांबू नये असंच बहुतेकांना वाटतं, आणि त्यांच्यासाठी ही सोय चांगलीच आहे. पण ख्यालगायनाच्या मैफलीला शेवट असतो. सवाई गंधर्व महोत्सवाची सांगता इतकी वर्षं सवाई गंधर्वांच्याच आवाजातल्या भैरवीच्या ध्वनिमुद्रणाने होते. १९५३ पासूनच्या या महोत्सवात एवढे मोठे कलाकार गाऊन गेले, तरी शेवटचा आवाज गुरूंचा, आणि त्यानंतर लोक उठून शांतपणे घरी जातात. पुण्यात वाढलेल्या माणसाच्या कानाला हे वळण असतं. कॅसेटलाही ते होतं, बाजू संपली की टेप आपोआप थांबायचा. लिरियनमध्ये रांगेतलं संपलं की आवाज थांबतो. न थांबता पुढे वाजवत राहण्याची सोय त्यातही आहे, पण ती आपण मुद्दाम निवडली तर.

मोजमापाने बघितलं तर ही एवढीशी बाब आहे. तुमच्या घरी हा प्रसंग कधी येणारही नाही. पण त्या निमित्ताने मी बाकीचं नीट बघायला लागलो, आणि ‘एकत्र’ म्हणजे नक्की काय एकत्र होतं हा प्रश्न पडला.

आम्ही संग्रह रागाप्रमाणे लावतो. सॉफ्टवेअरमध्ये रागाचा रकानाच नसतो, म्हणून मी एक साधी युक्ती केली: फायलींची माहिती भरायचं एमपीथ्रीटॅग हे सॉफ्टवेअर वापरून ‘जॉनर’च्या (संगीतप्रकाराच्या) रकान्यात रागाचं नाव भरलं. मारवा, पूरिया, मालकंस, सगळं देवनागरीत, एकाच पद्धतीने. जॉनर बहुतेक सॉफ्टवेअर वाचतात, त्यामुळे उद्या सॉफ्टवेअर बदललं तरी ही मांडणी सहसा बरोबर येईल. साथीदारांची नावं आणि तारीख शेऱ्याच्या रकान्यात. दोन पावसाळे गेले या कामात, पण आता ‘मारवा’वर बोट ठेवलं की घरातले सगळे मारवे समोर येतात.

स्ट्रीमिंग जोडल्यावर मला वाटलं होतं की त्या सेवेतले मारवेही याच फळीवर येऊन बसतील. तसं होत नाही. त्यांच्याकडे सगळ्याचा जॉनर एकच, भारतीय शास्त्रीय. गायकांच्या नावांचंही तेच. नुसतं भीमसेन जोशी वेगळे, पं. भीमसेन जोशी वेगळे, पंडित पूर्ण लिहिलं की आणखी वेगळे. रोमन लिपीतली मालकंसाची स्पेलिंगं तर विचारू नका. दोन संग्रह एका पडद्यावर दिसतात खरे, पण एकमेकांत मिसळत नाहीत. आणि घरगुती बैठकींना कुठल्याच माहितीकोशात नोंद नाही, म्हणजे ज्या सुंदर माहितीसाठी आपण पैसे मोजतो ती नेमकी आपल्या सर्वांत मोलाच्या ध्वनिमुद्रणांना मिळत नाही. तिथे बाबांनी डबीवर लिहिलेलंच कामाला येतं.

टिकण्याचं म्हणाल, तर रेसो ही स्ट्रीमिंग सेवा जानेवारी २०२४ मध्ये भारतात बंद झाली, त्याच वर्षी विंक म्युझिक ही दुसरी सेवाही गुंडाळली गेली. मार्च २०२४ मध्ये झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून गेली होती. उलट लिरियनची गोष्ट बघा. मूळ सॉफ्टवेअर स्लिम डिव्हायसेसचं, २००६ मध्ये लॉजिटेकने ती कंपनी घेतली, २०१२ मध्ये त्यावर चालणारी स्क्वीझबॉक्स ही प्लेअर-उपकरणं काढणं थांबवलं, २०२४ मध्ये त्यांची ऑनलाइन सेवाही बंद केली. तरी सॉफ्टवेअर चालूच आहे, कारण ते लोकांच्या हातात होतं. त्यांनी नाव बदललं आणि काम पुढे नेलं. हे मला आश्वासक वाटतं.

आणखी एक फायदा गुरुवारचा. आमच्या भागात गुरुवारी लाइट जाते तेव्हा इंटरनेटही जातं, पण रास्पबेरी पाय आणि राउटर इन्व्हर्टरवर असल्याने घरातलं संगीत चालू राहतं.

माझ्या वाटेचे तोटेही सांगायला हवेत. लिरियनचा पडदा जुनाट दिसतो, माझ्या बायकोला तो अजून आवडलेला नाही. पहिली बसवणी करायला माझा पूर्ण रविवार गेला. घराबाहेर ऐकायचं तर नॅव्हिड्रोम वेगळं लावावं लागलं. बॅकअप आपला आपणच घ्यायचा, मी एक डिस्क घरी आणि एक बहिणीकडे ठेवतो. आणि स्ट्रीमिंग सोडलेलं नाही. मुलगी ते रोज वापरते, मीही नवा गायक कळला की आधी तिथेच ऐकतो. आवडला तर सीडी किंवा विकतची फाइल शोधतो, आणि मग तो घरच्या संग्रहात येतो. दोन ठिकाणी शोधावं लागतं हे खरं, पण मला त्याचा त्रास होत नाही.

घरात शास्त्रीय संगीताचा जुना संग्रह असेल आणि तो हाताळणारं कुणी वयस्कर असेल, तर मी दुसरी वाट धरा म्हणेन. ऐकणं बहुतेक नवं आणि स्ट्रीमिंगवरचंच असेल, तर स्वतंत्र सर्व्हरचा खटाटोप कदाचित जास्तच होईल. रून घेण्याचा विचार असेल तर चौदा दिवस फुकट वापरायला मिळतं. त्या दिवसांत त्यांचे दाखवायचे अल्बम बघण्यापेक्षा तुमची सर्वांत अवघड ध्वनिमुद्रणं घाला: एखादी बिननावाची बैठक, दोन फायलींत तुटलेला विलंबित आणि द्रुत ख्याल, आणि एक भैरवी. भैरवी घरातल्या प्रत्येक उपकरणावरून एकेकदा लावा, आणि ती संपल्यावर लगेच उठू नका.