पावसाळ्याचा हिशेब दाखवणारे पायताण : सुभाषनगरातील एका चप्पल दुकानाचा अनुभव

कोल्हापूरच्या सुभाषनगरात मुख्य रस्ता सोडून आत वळले की एका गल्लीत दोन गाळ्यांचे चपलांचे दुकान आहे. पुढच्या गाळ्यात विक्री होते आणि मागच्या गाळ्यात चार कारागीर बसलेले असतात. दुकानाचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण मालकांनीच तशी विनंती केली आहे. महिन्याला शंभराच्या आसपास जोड तयार होतात आणि त्यापेक्षा जास्त मागणी आली की तारखा चुकतात, असे त्यांचे म्हणणे असून, तारखा चुकतात याचा अनुभव मी स्वतः घेतलेला आहे. येथून घेतलेली कापशी, म्हणजे कोल्हापुरीच्या एका प्रकारची चप्पल सहा महिने वापरल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे.

या दुकानाकडे वळण्याचे कारण सांगायला हवे. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका दुकानातून 'अस्सल' म्हणून घेतलेल्या जोडाचा तळ तिसऱ्या महिन्यात उसवला आणि आतून दाबलेल्या पुठ्ठ्यासारखा थर बाहेर आला. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातील चार जिल्हेही आले. वस्तू कोठे आणि कोणत्या पद्धतीने तयार झाली, हे मानांकन सांगते. ती करणाऱ्याच्या हाती किती पैसे पडले, हे मात्र त्यातून कळत नाही. २०२५ च्या जून महिन्यात मिलानमधील प्रदर्शनात प्राडा कंपनीने याच धाटणीची चप्पल कोल्हापूरचे नाव न घेता मांडली, तेव्हा गावात चहाच्या गाड्यापासून विधिमंडळापर्यंत श्रेय कोणाचे यावर पुष्कळ बोलले गेले. मजुरीवर त्या मानाने कमी बोलले गेले. त्याच सुमारास एका नातेवाइकाने, 'तिथे मजुरी भिंतीवर लिहिलेली असते,' असे या दुकानाविषयी सांगितले. माझी नोकरी सहकारी बँकांचे हिशेब तपासण्यात गेली असल्यामुळे चपलेपेक्षा ती भिंत पाहण्याची उत्सुकता मला अधिक होती.

फळा खरोखरच आहे. एका जोडाची किंमत २,५०० रुपये आणि त्यावर वस्तू व सेवा कर १२५ रुपये. त्याखाली फोड अशी : कातडे ७००, कारागिराची मजुरी ७५०, वेणी व पट्ट्यांचे काम २००, भाडे-वीज-पॅकिंग ३५०, दुरुस्ती १००, पावसाळा १५० आणि नफा २५०. बेरीज जुळते, सवयीने मी ती दोनदा केली. मालकांचा पगार कोणत्या ओळीत आहे, असे विचारल्यावर ते थोडे ओशाळले आणि म्हणाले, "साहेब, भाड्याच्या ओळीतच धरलाय." तो वेगळा दाखवावा, असे मी सुचवले. परवा पुन्हा गेलो तेव्हा फळ्यावर तीच ओळ तशीच होती.

या साऱ्या फोडीत मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती दीडशे रुपयांची 'पावसाळा' ही ओळ. कातडी चप्पल पाण्यात टिकत नाही, त्यामुळे जूनपासून विक्री थंडावते, कमावलेले कातडे नीट वाळत नाही आणि कारागिराच्या घरात पैसा येणे थांबते. अशा वेळी व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची आणि पुढे हंगामात ती कमी दराने जोड देऊन फेडायची, ही या धंद्यातील जुनी रीत आहे. म्हणजे दिवाळीत आपण ज्या चपलेसाठी घासाघीस करतो, तिचा भाव श्रावणातच पाडलेला असतो. मागच्या गाळ्यातील सर्वांत वयस्कर कारागिराला सगळे मामा म्हणतात. त्यांना याविषयी विचारले तेव्हा हातातील आरी न थांबवता ते म्हणाले, "पावसात पायताण कोन घेनार? पन पोट काय पावसाळ्यात सुट्टी घेतंय व्हय?" येथे पावसाळ्यातही निम्मे काम चालू राहते, मजुरी या दीडशे रुपयांच्या निधीतून दर शनिवारी मिळते, तयार जोड मांडणीवर जातात आणि दसऱ्यापासून विकले गेले की निधी पुन्हा भरतो. हिशेबाच्या भाषेत हे खेळते भांडवल आहे. फरक इतकाच, की सावकाराऐवजी ते गिऱ्हाइकांनी आगाऊ पुरवलेले असते आणि त्यावर व्याज चढत नाही.

ही रक्कम पुरेशी आहे का? महिन्याला शंभर जोड धरले तर आठ महिन्यांत एक लाख वीस हजार रुपये जमतात. चार कारागिरांत आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत ते वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला महिन्याला साडेसात हजार येतात. एवढ्यात घर चालत नाही, फक्त उचल घ्यावी लागत नाही. शिवाय वेण्या विणणाऱ्या स्त्रिया या वाटणीत नाहीत. या धंद्यात वेणी आणि नाजूक शिवण हे काम बहुधा घरातील स्त्रिया करतात आणि मजुरी घरच्या पुरुषाच्या नावावर चढते. या दुकानात ती त्यांच्या स्वतःच्या खात्यात जमा होते आणि डब्यातील चिठ्ठीवर कारागिराच्या नावाशेजारी वेणी करणारीचेही नाव असते, ही गोष्ट चांगलीच आहे. मात्र पावसाळ्याच्या निधीत त्यांचा वाटा नसणे ही उणीव आहे आणि ती मी मालकांना बोलून दाखवली आहे.

मोठ्या कंपन्यांनी नफ्यातील दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावेत, अशी तरतूद २०१३ च्या कंपनी कायद्यात आहे. तिच्यातून शाळांच्या खोल्या आणि पाण्याच्या टाक्या उभ्या राहतात, हे खरे आहे. परंतु ते दोन टक्के नफा झाल्यानंतर काढले जातात आणि उरलेला नफा कसा झाला, हा प्रश्न त्या तरतुदीच्या बाहेर राहतो. या दुकानाचा सामाजिक हेतू किमतीच्या फोडीतच बसवलेला असल्यामुळे धंदा वाईट चालला तरी दीडशे रुपये बाजूला पडतातच. कोल्हापूरला ही कल्पना नवी नाही. गंगाराम कांबळे यांनी भाऊसिंगजी रस्त्यावर 'सत्यसुधारक' हॉटेल काढले, तेव्हा अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा प्यायला लोक कचरत होते; राजर्षी शाहू महाराज स्वतः तेथे जाऊन चहा पीत आणि सोबतच्या मंडळींनाही पाजत. महाराजांनी त्या हॉटेलाला पाठबळ दिलेच, पण अशा धंद्याला उघडपणे येणाऱ्या गिऱ्हाइकाची गरज असते, हेही त्यांनी ओळखले होते.

आता पर्यावरणाकडे वळतो, कारण या बाबतीत दुकानाचे बोलणे त्याच्या कामाच्या थोडे पुढे गेले आहे. तळाचे म्हशीचे कातडे वनस्पतिजन्य पद्धतीने कमावलेले आहे. चुन्याच्या पाण्यात भिजवून केस काढलेले कातडे पिशवीसारखे शिवून टांगतात, आत बाभळीची साल आणि हिरडा यांचे पाणी भरतात आणि ते झिरपत राहील तसे पुन्हा भरत जातात. या कामाला आठवडे लागतात. क्रोमियमचे क्षार वापरले की तेच काम एक-दोन दिवसांत होते, म्हणून जगातील बहुतांश कातडे आज त्या रीतीने कमावले जाते. त्या सांडपाण्यातील क्रोमियमवर प्रक्रिया झाली नाही, तर ते गाळात आणि जमिनीत साचून राहते. बाभूळ-हिरड्याच्या पाण्यात हा धोका नसतो. तथापि चुन्याचे आणि सालीचे काळपट पाणी तसेच नाल्यात सोडले, तर तेही पाण्यातील प्राणवायू खाते आणि पंचगंगा नदीची आजची अवस्था पाहता याकडे काणाडोळा करता येणार नाही. दुकान कातडे बाहेरून घेते. कमावणाऱ्याकडे त्या पाण्याचे काय होते, याचे उत्तर 'शोषखड्डा आहे' एवढेच मिळाले, कागद काही दाखवता आला नाही. डब्यातील कार्डावर 'शंभर टक्के नैसर्गिक' असे छापले आहे आणि पट्ट्यांवरचा चकचकीत लाल रंग मात्र बाजारातला आहे, हे मालकांनीच कबूल केले. "कार्डं छापून झाल्यात, संपली की बदलतो," असे ते म्हणाले. दोन हजार कार्डे छापली असतील, तर हे वाक्य बराच काळ खोटे राहणार आहे.

प्रत्यक्ष चपलेविषयी तक्रारीला जागा कमी आहे. तळाचे थर चामड्याच्या वादीनेच शिवलेले असून कोठेही खिळा नाही. पहिले चार दिवस ती अंगठ्यापाशी चावली. रात्री खोबरेल लावून ठेवल्यावर पाचव्या दिवसापासून पायाने तिला आणि तिने पायाला ओळखले. करकर आवाज माफक आहे, तालमीतल्या मंडळींना तो कमी वाटेल. पांढऱ्या पायजम्याच्या काठाला पहिल्या आठवड्यात लालसर डाग लागले, ते अजून गेलेले नाहीत. पाच आठवड्यांत देतो म्हणून सांगितलेला जोड आठ दिवस उशिरा मिळाला आणि मधल्या काळात दुकानाचा फोन कोणी उचलला नाही.

सहाव्या महिन्यात डाव्या टाचेचा खालचा थर सुटला. मामांनी रापीने जुनी शिवण कापली, वादी पाण्यात भिजवून मऊ केली, आरीने जुन्याच भोकांतून ती ओवली आणि वीस मिनिटांत जोड परत दिला. पैसे विचारल्यावर त्यांनी फळ्याकडे बोट केले. वर्षभराची दुरुस्ती त्या शंभर रुपयांत आधीच धरलेली असते, त्यामुळे जोड लवकर फाटण्यात दुकानाचेच नुकसान असते. तीन महिन्यांत टाकून द्यायची स्वस्त फोमची चप्पल विकणाऱ्याचे गणित याच्या नेमके उलटे असते. चप्पल लाईन या चपलांच्या बाजारात हजाराच्या आत जोड मिळतो हे मला ठाऊक आहे, आणि ज्याला तेवढेच परवडते त्याने तो घ्यावा. त्याला उपदेश करण्याचा अधिकार मला नाही.

सूनबाईंसाठी आणखी एक जोड सांगून आलो आहे, लाल रंग न लावलेला. चिठ्ठीवर १४ तारीख लिहून मिळाली आहे. मी २२ धरून चाललो आहे.