स्वस्तातलं स्मोक मशीन, आठ महिन्यांनंतर: पी०४५६ शोधताना खरं काय कामाला येतं

अमेरिकेत दहा-पंधरा वर्षं जुनी गाडी बाळगणाऱ्याच्या वाट्याला गाडीच्या कॉम्प्युटरने दिलेला पी०४५६ हा बिघाडाचा कोड कधी ना कधी येतोच. पेट्रोलच्या वाफा बाहेर जाऊ न देणाऱ्या यंत्रणेत, म्हणजे इव्हॅपमध्ये, ०.०२० इंचाचं, साधारण अर्ध्या मिलिमीटरचं भोक आहे एवढंच हा कोड सांगतो. कुठे, ते सांगत नाही. पी०४४२ म्हणजे ०.०४० इंच, पी०४५५ म्हणजे भगदाड, पी०४५७ म्हणजे बहुतेक पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल. गाडी चालवताना काहीच जाणवत नाही. फक्त पिवळा दिवा, आणि इन्स्पेक्शनची तारीख जवळ आली की डोक्याला ताप.

हा अनुभव घरगुती वापराच्या स्मोक मशीनचा, म्हणजे यंत्रणेत धूर भरून गळती दाखवणाऱ्या यंत्राचा आहे: दीडशे डॉलरच्या आतबाहेर मिळणारं, गाडीच्या १२ व्होल्ट बॅटरीवर चालणारं, आत छोटा पंप, मिनरल ऑइल तापवणारी कॉइल, पुढे एक प्रेशर गेज आणि एक फ्लोमीटर. वापर टोयोटा, होंडा आणि जीएमच्या साधारण २००५ ते २०१५ मधल्या गाड्यांवर झाला. मत आधीच सांगायचं तर या मशीनमधला धूर हा सगळ्यात कमी कामाचा भाग आहे. गळती आहे की नाही हे फ्लोमीटर सांगतो. ती कुठे आहे हे कधी धूर दाखवतो, कधी नाही. फ्लोमीटर नसलेलं मशीन पन्नास डॉलर स्वस्त मिळत असेल तरी घेऊ नका.

फ्लोमीटर म्हणजे उभ्या पारदर्शक नळीत तरंगणारी गोळी. जितका वारा जास्त, तितकी गोळी वर. स्वस्त मशीनवर छापलेले आकडे मात्र भरवशाचे नसतात, ते सरळ विसरा. त्याऐवजी थ्रीडी प्रिंटरचा ०.५ मिमीचा पितळी नॉझल आणा, एक-दोन डॉलरला मिळतो. तो मशीनच्या नळीच्या तोंडात घट्ट बसवा, दाब ठरावीक पातळीवर (किती, ते पुढे) आणा आणि गोळी जिथे थांबेल तिथे मार्करने रेघ मारा. ही तुमची पी०४५६ ची रेघ. या दाबाला अर्ध्या मिलिमीटरच्या भोकातून मिनिटाला साधारण अर्धा-पाऊण लिटर हवा जाते. १ मिमीच्या भोकातून त्याच्या चौपट, कारण भोकाचा व्यास दुप्पट झाला की क्षेत्रफळ चौपट होतं. गाडी जोडल्यावर गोळी रेघेच्या बरीच खाली स्थिरावली तर यंत्रणा घट्ट आहे. रेघेवर किंवा वर राहिली तर गळती नक्की, धूर दिसो वा न दिसो.

दाब किती? पाण्याच्या १० ते १४ इंचांएवढा, म्हणजे जेमतेम अर्धा पीएसआय. १ पीएसआयच्या वर कधीच नको. टाकीवरचा प्रेशर सेन्सर आणि व्हॉल्व्ह यांना तो झेपेलच असं नाही. मशीनवरचा गेज या पट्ट्यात आंधळा असतो, काटा शून्याजवळ नुसता थरथरतो. म्हणून पारदर्शक प्लास्टिकची नळी यू आकारात फळीवर ठोकून पाण्याचा मॅनोमीटर करावा. पाण्यात खायचा रंग टाकला की पातळी लांबून दिसते. एक टोक टी-जोड लावून मशीनच्या नळीला, दुसरं उघडं. दोन्ही बाजूंच्या पातळीत ३५ सेंटिमीटर फरक म्हणजे १४ इंच. नळीच्या दोन्ही भुजा पाण्याच्या मूळ पातळीपासून ३० सेंटिमीटरच वर ठेवा. दाब चुकून चढलाच तर ६० सेंटिमीटरच्या फरकाला पाणी बाहेर उडतं आणि दाब तिथेच सुटतो, १ पीएसआय गाठायच्या आत. अंगावर रंगीत पाणी उडेल इतकंच. या मशीनच्या आतल्या रिलीफ व्हॉल्व्हपेक्षा हा जुगाड जास्त विश्वासाचा निघाला.

आता हवेचं. आतला पंप साधी हवा ढकलतो. इनटेकची, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गाची, गळती शोधायला ती ठीक आहे, पण पेट्रोलच्या टाकीत ऑक्सिजन भरणं शहाणपणाचं नाही. टाकीतली वाफ सहसा इतकी दाट असते की ती पेटत नाही. हवा मिसळत गेलो की ती पेटण्याच्या पट्ट्यात येते, आणि आपल्या नळीच्या दुसऱ्या टोकाला तर तापलेली कॉइल आहे. मशीनला बाहेरून गॅस जोडायची सोय असेल तर इव्हॅपसाठी नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइडच वापरा, रेग्युलेटर लावून. नळीत एकतर्फी व्हॉल्व्ह हवाच. काम संपलं की आधी गाडीकडची नळी काढायची, मग मशीन बंद करायचं. उलट केलं तर टाकीतली वाफ कॉइलकडे परत येते.

गाडी रात्रभर थंड झालेली हवी, टाकी पाव ते अर्धी. पेट्रोल कोमट असलं तर वाफेनेच दाब चढतो आणि छोटी गळती झाकली जाते. टाकी काठोकाठ असेल तर वरचा फ्लोट व्हॉल्व्ह बंद होतो आणि धूर पुढे सरकतच नाही. वारा नको, पंखा नको.

बाहेरची हवा आत घेणारा व्हेंट व्हॉल्व्ह एरवी उघडा असतो, तो बंद करायला लागतो. स्कॅनरवरून हुकूम देता आला तर उत्तम, नाहीतर व्हेंटची रबरी नळी क्लॅम्पने दाबा. क्लॅम्प फक्त रबरावर. नायलॉनच्या कडक नळीवर लावलात तर एक गळती शोधताना दुसरी तयार होईल. टोयोटाच्या ज्या गाड्यांत कॅनिस्टरलाच, म्हणजे वाफा शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यालाच, पंप जोडलेला असतो, तिथे स्कॅनर नसल्यास ताज्या हवेच्या नळीचं तोंड बुचाने बंद करावं लागतं.

धूर कुठून सोडायचा यावर बरीच चूक होते. मशीनबरोबर झाकणाच्या जागी बसणारा अडॅप्टर येतो आणि तो सोपा म्हणून सगळे तोच लावतात. पण मग झाकणच चाचणीतून बाहेर पडतं, आणि पहिला संशयित तर तेच. जुन्या गाड्यांना बॉनेटखाली हिरव्या टोपीचा सर्व्हिस पोर्ट असतो, सुरुवात तिथून करा. त्यातला व्हॉल्व्ह कोर उलट्या आट्यांचा असतो. टायरच्या व्हॉल्व्हसारखा डावीकडे फिरवत बसलात तर मोडेल. पोर्ट नसेल तर पर्ज व्हॉल्व्हची (तो साठलेल्या वाफा इंजिनात सोडतो) कॅनिस्टरकडची नळी काढून तिथून. झाकण उघडं ठेवून धूर सोडा. फिलर नेकमधून, म्हणजे पेट्रोल भरायच्या नळीतून, दाट धूर यायला काही मिनिटं लागतात, कारण टाकीतली सगळी रिकामी जागा भरायची असते. मग झाकण टिक-टिक आवाज येईपर्यंत लावा, दाब ३५ सेंटिमीटरवर आणा आणि गोळीकडे बघा. धूर त्यानंतर शोधायचा.

गोळी रेघेच्या वर आहे पण धूर कुठेच नाही, असं वारंवार होतं. त्याची नेहमीची दोन कारणं. एक, पर्ज व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि धूर इंजिनात जातोय. बाहेर काही दिसत नाही. सर्व्हिस पोर्ट आणि पर्ज व्हॉल्व्ह यांच्यामधली रबरी नळी दाबा. गोळी धपकन खाली आली तर चोर सापडला. (पोर्ट नसलेल्या गाडीत पर्ज व्हॉल्व्ह या चाचणीत येतच नाही. तो काढून हातपंपाने व्हॅक्यूम देऊन वेगळा तपासा, काटा हलता कामा नये.) पेट्रोल भरल्यावर लगेच गाडी सुरू व्हायला कुरकुर करत असेल तर मशीन काढायच्याही आधी इथेच बघा. दुसरं कारण कोळसा. कॅनिस्टरमधला कोळसा धुरातलं तेल गाळून घेतो, त्यामुळे व्हेंटकडच्या बाजूला गळती असली तरी तिथून येते ती जवळजवळ स्वच्छ हवा. तिथे साबणाचं पाणी आणि ब्रश. कोळशात उगाच तेल जिरू नये म्हणून धूरही गरजेपुरताच सोडा.

धूर खऱ्या अर्थाने कामाला येतो तो फिलर नेकवर. न्यू जर्सी, मिशिगन, ओहायोसारख्या, हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पसरणाऱ्या राज्यांत लोखंडी नेक चाकाच्या मागच्या प्लास्टिक लायनरआड गंजतो. लायनर काढल्याशिवाय तो दिसत नाही आणि काढताना दोन-चार क्लिपा तुटतातच, आधीच आणून ठेवा. आत माती आणि मीठ यांचा घट्ट थर असतो. तो खरवडला की रंगाला पुटकुळ्या आलेल्या दिसतात. टॉर्च समोरून न धरता बाजूने, तिरपा धरा: एखाद्या पुटकुळीच्या टोकातून विझत आलेल्या उदबत्तीसारखी एकच बारीक रेघ वर जाते. समोरून उजेड टाकला तर ती दिसत नाही. अशा नेकवर इपॉक्सी लावून वर्षभर निघेलही, पण शेजारची पुटकुळी वाट बघतच असते. नेक बदला.

बाकीच्या जागा झटपट. झाकणाचं रबर चिरलेलं. मागच्या सीटखाली फ्युएल पंपाच्या कड्याखालची सील. पूर्वी पंप बदलताना जुनीच फुगलेली सील परत बसवली असेल तर हमखास. उंदराने कुरतडलेल्या नळ्या. आणि व्हेंट व्हॉल्व्ह, ज्यात धूळ किंवा कोळशाची पूड अडकते. कोळ्याची जाळीसुद्धा: माझदाने माझदा ६ या गाड्या व्हेंटच्या नळीतल्या कोळ्यांपायी २०११ मध्ये परत बोलावल्या होत्या, २०१४ मध्ये पुन्हा. कोळशाची पूड दिसली तर कॅनिस्टर फुटलाय. नुसता व्हॉल्व्ह बदलून महिन्याभरात तोच कोड परत. पेट्रोल पंपावरचं नोजल टिक झाल्यावरही पेट्रोल कोंबायची सवय कॅनिस्टरची वाट लावते, हेही इथेच सांगितलेलं बरं.

आठ महिन्यांत मशीनचं काय बिघडलं? नळी बसवायचे रबरी कोन (शंकूच्या आकाराची बुचं) कडक होऊन त्यांना भेगा पडल्या. तिथूनच गळती होऊ लागली आणि गोळी रेघेवर बसली. म्हणून दर वेळी सुरुवातीला नळीचं तोंड अंगठ्याने दाबून गोळी तळाला जाते का बघा. फ्लोमीटरमध्ये तेलाचा ओलावा येऊन गोळी चिकटते, नखाने टिचकी मारून हलवावी लागते. मशीन आडवं ठेवलं तर तेल नळीत उतरतं. सुगंधी बेबी ऑइल चालतं, पण कॉइलवर काळा थर लवकर धरतो. बिनवासाचं मिनरल ऑइल बरं. बरोबर आलेले बॅटरीचे चिमटे टाकाऊ आहेत.

दुरुस्तीनंतर घाईने कोड पुसू नका असं म्हणणं सोपं आहे, पण इन्स्पेक्शनसाठी पुसावा लागतो आणि मग सगळेच मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतः घेतलेल्या चाचण्यांच्या नोंदी, कोरे होतात. कॅलिफोर्नियात २००० आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना फक्त इव्हॅप मॉनिटर अपूर्ण चालतो, बाकीचे पूर्ण लागतात. इव्हॅपची चाचणी गाडी स्वतः घेते ती बहुतेक वेळा टाकी १५ ते ८५ टक्के असतानाच. टोयोटाचा कॅनिस्टरवाला पंप गाडी बंद केल्यावर ५ तासांनी चालतो. इंजिन पुरेसं थंड नसेल तर ७ आणि मग साडेनऊ तासांनी. त्यामुळे संध्याकाळी निम्म्या टाकीने गाडी लावा आणि सकाळपर्यंत किल्ली फिरवू नका.

भारतातल्या नातेवाइकांसाठी हे मशीन न्यावं का, असं विचारणाऱ्यांसाठी: तिथल्या नियमांत पर्ज व्हॉल्व्हच्या विद्युत जोडणीवर नजर ठेवायला सांगितलं आहे, अर्ध्या मिलिमीटरचं भोक शोधायला नाही. पी०४५६ तिथे सहसा दिसत नाही. इनटेक आणि टर्बोच्या होजची गळती शोधायला मशीन चालेल, पण त्यासाठी फ्लोमीटरचे जास्तीचे पन्नास डॉलर घालायची गरज नाही.